दोन शिटांची गाडी

पाटण
११ ऑगस्ट २०२४

भाऊसो साडूभाऊ यांना कृष्णातचा रामराम.

पत्र बघून हसाल. सगळ्या जगाच्या हातात मोबाईल, अन् हा गडी अजून पोस्टात लायनीला उभा. पर तुमाला ठावं हाय, तोफखान्यातनं येताना उजवा कान तिथंच ठिवून आलो. डाव्यात मशीन घातलंय, तरी फोनवरचं बोलणं म्हंजी नुसती खरखर. अन् ती बारकी बटनं दाबायला माझी बोटं ऐकत न्हाईत. एकदा संयोगिताला 'जेवाय येतो' लिवाय गेलो, तर 'जेल येतो' गेलं. बिचारी पळत रस्त्यावर आली. तवा पत्रच बरं.

एक इचारायचं हाय.

आमच्या नदीकाठाला अधिकराव इंजिनिअरसाहेबांचा बंगला हाय बघा. धरणावर नोकरी करून इथंच राहिलेला माणूस. गेल्या साली वारले. त्यांची लेक शिवांजलीताई पुण्याला असती, तिनं आता बंगला इकाय काढलाय. मागच्या शेडात ताडपत्रीखाली साहेबांची गाडी हाय. विलायती, सदुसष्टची, रेसच्या गाडीच्या घराण्यातली. रंग हिरवा, कच्च्या द्राक्षावानी. तारांची चाकं, लाकडाचं स्टेअरिंग. टप कापडाचा, त्याच्या चिंध्या झाल्यात. बसलं की बूड रस्त्याला टेकतंय का काय असं वाटतं. मागं शीटच न्हाई. दोन माणसं, बस्स.

साहेब रविवारी बाईसाहेबांना घिऊन हेळवाककडं जायाचे. आमचं लगीन नवं हुतं. मी सुट्टीवर आलो की संयोगिता दारातनं त्या गाडीकडं बघायची अन् म्हणायची, "आवं, एवढ्या वाऱ्यात त्या पदर कसा सांभाळत असतील?"

परवा ताईनं गाडी चालू करून दाखवली. हरिबा वॉचमननं मागनं ढकलली. मला आवाज आला न्हाई. पर बॉनेटवर हात ठिवला, अन् वासराच्या पाठीवर माशी बसल्यावर कातडी थरथरती न्हवं, तसं हाताखाली झालं. साडूभाऊ, मी हात काढलाच न्हाई.

ताई म्हणली, "काका, मला भंगारात घालायची न्हाई. चालती ठिवणारा माणूस पायजे." मला पेलंल अशी किंमत सांगितली. दसऱ्यापर्यंत थांबते म्हणली.

घेणं सोपं, पोसणं अवघड, एवढं मला कळतं. आपल्या नात्यात गाड्यांतलं जाणकार तुमीच. ट्रॅक्टर, पिकअप, ती मोठी पांढरी गाडी, सांगलीच्या गॅरेजात उठबस. तवा सरळ सांगा. घिऊ का नगं?

सुलाआक्कांना नमस्कार.

तुमचा
कृष्णात

—

तासगाव
१९ ऑगस्ट २०२४

कृष्णात पाव्हणं यांस भाऊसोचा रामराम.

पत्र जेवताना मोठ्यानं वाचलं. आधी हसलो, मग काळजी वाटली. मोठा साडू म्हणून चार शब्द सांगतो, राग धरू नगा.

ही गाडी न्हवं, पांढरा हत्ती हाय. आज टायर मिळंना, उद्या काच मिळंना. पंधरा वर्सांवरच्या गाड्या सरकार भंगारात घालाय निघालंय अन् तुमी सदुसष्टची घरात आणताय. तुमच्याकडं पाऊस कसला पडतो, मी बघितलाय. चार म्हैनं लोखंडाला वाळायला सवड न्हाई. पत्रा पापडावानी मोडंल. त्यात पेन्शनीचा माणूस तुमी. मी घेतली असती तर गोष्ट निराळी, माझ्याकडं शेड हाय, माणसं हायती.

अन् पाव्हणं, बोलू नये पर बोलतो. गाडी जुनी झाली की तिचं सगळं आवाजावर चालतं. कुठं खडखड, कुठं शिट्टी. तुमाला ऐकू येत न्हाई. इंजिन काय बोलतंय ते कळणार कसं?

तरी पुढच्या पत्रात एवढं कळवा. हिरवा रंग मूळचा हाय का मागनं मारलेला? चाकाच्या तारा गंजल्यात का? अन् ताईचा पुण्याचा पत्ता. आपलं बघून ठिवलेलं बरं.

सुला बरी हाय. तुमचं पत्र वाचून झालं तर हसाय लागली. म्हणली, "म्हंजी संयोगी पुढच्या शिटावर बसणार! गॉगल लावून!" अन् ताट बाजूला सारून हसत बसली. मी एवढी पांढरी गाडी दारात आणली, तवा ती असं हसल्याचं मला तरी आठवत न्हाई.

इचार सोडा. त्यापरीस घराला रंग द्या.

तुमचा
भाऊसो

—

पाटण
२ सप्टेंबर २०२४

साडूभाऊ, रामराम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकेक मुद्द्याचा रिपोर्ट देतो.

पत्रा खरंच गंजानं खाल्लाय. शिटाखालचा तळ बदलावा लागंल. कराडचा एक मिस्त्री बघून गेला, करतो म्हणलाय. सुटं भाग विलायतेसनं अजून मिळतात, मागवलं की म्हैनाभरानं येतात. मला कुठं गाडी लढाईवर न्यायचीय? मी थांबतो. अन् पन्नास वर्सांवरची गाडी भंगारात जात न्हाई, विंटेज म्हणून निराळी नोंद हुती. तिच्यातनं रोज भाजी आणायची न्हाई, एवढंच.

कानाचं तुमी लिवलं. सुरवातीला लागलं. मग वाटलं, बरोबर इचारलंय. पर तोफ वढणाऱ्या गाड्या मी चालवल्या, तवाबी आवाज ऐकू येत नसायचा, वर दुसराच गोंधळ चाललेला असायचा. इंजिन बिघडलं की पायाच्या तळव्याला आधी कळतं. गिअरच्या मुठीला कळतं. मला भ्या वाटत न्हाई.

रंग मूळचा हाय. तारा ठीक हायती. ताईचा पत्ता मागं लिवलाय.

घ्यायची ठरलं. म्हशीचा गोठा रिकामाच पडला हुता, तिथं कोबा करून घेतला. संयोगितानं टपासाठी जाड कापड बघून ठिवलंय, स्वतः शिवणार म्हणती. कराडातनं डोक्याला बांधायचा रुमालबी आणलाय. लाल. मला दाखवला न्हाई, मीच कपाटात बघितला.

एकदा येऊन बघून जावा. तुमची नजर पडली की माझा जीव भांड्यात पडंल.

कृष्णात

—

तासगाव
२० सप्टेंबर २०२४

पाव्हणं, रामराम.

यायला जमत न्हाई. बागेची छाटणी तोंडावर आलीया, मजूर पळवापळवी चाललीया.

एवढं ठरलंच हाय तर माझं ऐका. ताईला एवढ्यात पैसं दिऊ नगा. तुमचा चेहरा बघूनच माणूस किंमत चढवतंय. मला बागेच्या औषधाला पुण्याला जायाचं हायच, तवा मी तिला भेटतो. येव्हाराचं माझ्यावर सोपवा. तुमी तिकडनं फोन नगा, निरोप नगा. गप राव्हा.

भाऊसो

—

पाटण
१३ ऑक्टोबर २०२४

साडूभाऊ,

गाडी कुठवर आली?

परवा ताईचा संयोगिताला फोन आला. "काकू, अभिनंदन! तुमचे भावजी येऊन गाडी घेऊन गेले. तुमच्यासाठीच घेतो म्हणाले, म्हणून मी आधीच्या भावातनं अजून कमी केलं." संयोगिता तशीच चप्पल न घालता शेतात सांगाय आली. मी म्हणलं, माणूस असावा तर असा. बोलायचं कडू अन् करायचं गोड. दसऱ्याला दारात आणून उभी करायची म्हणूनच आमाला गप बसवलं हुतं तुमी!

तिनं आक्कांना फोन लावला, तर आक्कांना कायच ठावं न्हाई. म्हणल्या, "ते दोन दिवस पुण्याला गेल्यात, तुमच्याकडंच येत असतील."

काल सकाळी गोठ्यापुढं रांगोळी काढली. झेंडूचा मोठा हार करून ठिवला. हरिबा आला, शेजारपाजारची आली. दुपार झाली, मी कराडच्या फाट्यापर्यंत जाऊन आलो. कुठं ट्रक बंद पडला का? टेंपोवाल्यानं अडवलं का? रात पडाय लागली तवा तो हार आमच्या जुन्या बुलेटला घातला. हाराचं तोंड मोठं, बुलेट बारकी. लोंबत राहिला.

तुमचा फोन लागत न्हाई म्हणती संयोगिता. सुखरूप हायसा न्हवं? गाडी गेली खड्ड्यात, तुमी कुठं हाय ते पयलं कळवा.

कृष्णात

—

तासगाव
१७ ऑक्टोबर २०२४

पाव्हणं,

मी सुखरूप हाय. गाडीबी सुखरूप हाय. माझ्या बेदाण्याच्या शेडात उभी हाय.

आता नीट ऐकून घ्या. पुण्यात ताईपुढं बसलो तवर तुमच्याच नावानं बोलत हुतो, शप्पत. गाडी बघाय म्हणून तिथनं तिच्याबरूबर पाटणच्या बंगल्यावर आलो. तुमी तवा शेतात असाल. ताडपत्री काढली अन् मला कायतरी झालं. एवढी देखणी असंल असं वाटलंच न्हवतं. आतनं कोनतरी म्हणलं, भाऊसो, ही गोठ्यात जाणार? तुमच्या दारावरनं गाडी नेली. ताडपत्री टाकून ट्रकात. ट्रकाच्या खिडकीतनं तुमच्या ओट्यावर रांगोळीचे डबे दिसले.

पर इचार करा, भलं तुमचंच हाय. तासगावची हवा कोरडी. इथं गंज धरणार न्हाई. खर्च माझा, कटकट माझी. तुमाला कवाबी यिऊन बघायची मुभा हाय. घरातलीच गाडी समजा. कागद तेवढा माझ्या नावावर, सोयीसाठी.

बाजारपेठेतनं एक चक्कर मारली. वाटंत बस थांबली, कंडक्टर उतरून फोटो काढाय लागला. इतकी वर्सं द्राक्षं पिकवली, एकानं माझ्याकडं असं बघितलं न्हाई.

रागावला असाल. राग शांत झाला की लिवा.

भाऊसो

—

पाटण
२२ ऑक्टोबर २०२४

साडूभाऊ,

पत्र पावलं. मी वाचलं, संयोगितानं वाचलं.

टाकीत पेट्रोल तसंच ठिवून गाडी बंद करू नगा. कार्बोरेटर चिकटतो.

कृष्णात

—

तासगाव
८ डिसेंबर २०२४

कृष्णात पाव्हणं यांस,

पेट्रोल तसंच राहिलं. कार्बोरेटर चिकटला. एक न्हाई, दोन हायती तिला. सांगलीच्या मिस्त्रीनं दोन्ही खोलून जोडलं, तवापासनं गाडी एका पायानं लंगडती. चढाला दम टाकती, उताराला फटाकं वाजवती. पयलं आठ दिवस शेडात जत्रा हुती. फोटो काढणारी फोटो काढून गेली. आता कोन येत न्हाई. मी सकाळी जातो, ताडपत्री वर करतो, बघतो, परत टाकतो.

सुला दिवाळीच्या पाडव्याला "चार दिवस संयोगीकडं जाऊन येते" म्हणून गेली. दिवाळी गेली, तुळशीचं लगीन गेलं. फोन केला की म्हणती, "हितं बरं वाटतंय." तिला लावून द्या.

ती का गेली ते मला ठावं हाय, तुमालाबी ठावं असंल. तरी माझ्या तोंडानं सांगतो. गाडी घराच्या दारात उभी केली, हॉर्न वाजवला. सुला बाहेर आली. म्हणलं, "बस. ज्योतिबाला जाऊन येऊ."

ती पायरीवरच उभी. म्हणली, "ही संयोगीची न्हवं?"

"आता आपली हाय."

"त्या शिटावर माझी भण बसायची हुती. मी कशी बसू?"

"अगं, मोठी भण तू. पयला मान तुझा."

तर म्हणली, "बारा वर्सं तुमची पांढरी गाडी हाय. पुढच्या शिटावर कवा व्यापारी, कवा पुढारी, कवा तुमचा डायवर. मी मागं, आहेराच्या पिशव्यांसंगं. तवा न्हाई आठवला मान? आता मागं शीटच न्हाई म्हणून आठवला?" अन् आत गेली. दार लावलं न्हाई. लावलं असतं तर बरं झालं असतं.

पाव्हणं, एक गोष्ट कुणाला बोललो न्हाई. मागल्या साली पलूसला लगीन हुतं. तुमी दोघं बुलेटवरनं आला. मी मांडवाच्या दारात उभा हुतो. मागनं ट्रक हॉर्न देत हुता, तुमाला काय ऐकू येत न्हाई. संयोगितानं तुमच्या डाव्या खांद्यावर बोट टेकवलं, तुमी गाडी बाजूला घेतली. मागं न बघता. एवढंच. पर त्या दिशी मला जेवण गेलं न्हाई. मी एवढ्या मोठ्यानं बोलतो, सगळी ऐकतात, पर माझ्या खांद्यावर असं बोट कुणी ठिवत न्हाई. गाडीचं पत्र आलं तवा मला गाडी दिसलीच न्हाई आधी. ते बोटच दिसलं.

म्हणून घेतली. आता कळंना झालंय काय घेतलं ते.

सुलाला लावून द्या.

भाऊसो

—

पाटण
१६ डिसेंबर २०२४

साडूभाऊ, रामराम.

लावून द्यायला आक्का पार्सल न्हाई. न्यायची असंल तर स्वतः या. मी काय त्यांना धरून ठिवलं न्हाई. सकाळी दोघी भणी नदीवर फिराय जातात, दुपारी टपाचं कापड शिवतात. गाडी न्हाई तरी टप शिवतात. मी इचारलं कशाला, तर संयोगितानं हातानं 'गप' केलं.

पलूसचं तुमी लिवलं ते मी संयोगिताला वाचाय दिलं न्हाई. पत्र माझ्याजवळच हाय.

आता माझं ऐका. तुमाला वाटतं, जळणारं तुमी एकटंच. मी वर बर्फात हुतो तवा तुमी बंगल्याचा स्लॅब टाकला. संयोगिता तुमची वास्तुशांत करून आली अन् आठ दिवस पत्रात फक्त तुमच्या जिन्याचं वर्णन. मी ते पत्र शेगडीत घातलं. तुमची बाग गारपिटीतनं वाचली, त्या साली आमचा ऊस लोळला. तवा देवाला मी इचारलं, त्यांचीच का वाचली? अन् तुमी बागेत बसून पाखरं हाकता, तवा प्रत्येक पाखराचं नाव आवाजावरनं सांगता. ते ऐकून मी हसतो. आतनं काय हुतं ते तुमाला सांगून कळायचं न्हाई.

तवा आग काय असती ते मला शिकवू नगा. फरक एवढाच, जळलो तरी तुमच्या दारातलं मी काय उचललं न्हाई.

माझ्या मनातनं अजून गेलं न्हाई. जाईल का ठावं न्हाई. गोठा अजून रिकामाच ठिवलाय. रांगोळीचा डाग कोब्याला राहिलाय, संयोगिता पुसू देत न्हाई.

या. येताना गाडी घिऊन या. बस करून आला तर मी दार उघडीन, पर बोलणार न्हाई.

कृष्णात

—

तासगाव
२१ जानेवारी २०२५

कृष्णात पाव्हणं यांस भाऊसोचा मनापासनं रामराम.

काल रातीला घरी पोचलो. बागेला माल आलाय, व्यापारी दारात बसल्यात, तरी आधी पत्र लिवाय बसलो. तोंडानं सांगायचं राहिलं ते लिवतो.

पयलं हे. मी तुमाला म्हणलं, तासगावासनं गाडी स्वतः चालवत आणली. खोटं हाय. कराडपर्यंत आली, लंगडत. मल्हारपेठेच्या अलीकडं बसकण मारली. तासभर रस्त्याकडंला उभा. जाणारा-येणारा बघतोय अन् हसतोय. शेवटी ऊस खाली करून रिकामा परतणारा एक ट्रॅक्टर थांबला. डायवर पोरगेला हुता, म्हणला, "काका, ही खरी हाय का खेळण्यातली?" दोराला बांधून घेतलं. ट्रॉलीतनं पाचट उडून माझ्या तोंडावर. उघडी गाडी, टप न्हाई, उसाचं तुकडं मांडीवर. तुमच्या घराच्या वळणाआधी दोर सोडला अन् राहिलेलं अंतर ढकलत आलो. तुमी बघितलं ते घाम पुसून झाल्यावरचं.

सुला ओट्यावर तीळ पाखडत हुती. उठली न्हाई. संयोगिता पाण्याचा तांब्या ठिवून आत गेली. अन् तुमी माझ्याकडं बघितलंबी न्हाई, सरळ बॉनेट उघडलं. मला वाटलं, माणसापरीस गाडीची इचारपूस आधी. मग वाटलं, तेच बरं.

चार दिवस आपण दोघं त्या दोन कार्बोरेटरपुढं वाकून बसलो. तुमी सगळं खोललं, धुतलं, जोडलं. पर शेवटचं अडलं. दोन्ही सारखा वारा घेत्यात का न्हाई, ते नळी कानाला लावून ऐकावं लागतं, अन् तिथं तळवा चालत न्हाई. तुमी नळी फडक्यानं पुसली. मग ती रबरी नळी माझ्या हातात दिली. मला ठावं हाय, ती द्यायला तुमाला काय पडलं असंल. तुमच्या जागी मी असतो तर दिली नसती.

मी ऐकायचं, बोट वर-खाली करायचं, तुमी स्क्रू फिरवायचा. मध्यात मान वर केली तर दोघी भणी दारात उभ्या. सुला माझ्याकडं बघून हसत हुती. पदर तोंडाला लावून, पार वाकून. माझा एक कान नळीत, दुसऱ्या कानाला ग्रीस. तिचं ते हसणं बघून बोट वर करायचं मी इसरलो, अन् तुमी माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

गाडी नीट लागली तवा तुमी खूण करून इचारलं, आवाज कसा हाय? मला सांगता आलं न्हाई. नुसती मान हलवली. वाटंनं येताना तेच शोधत हुतो. आता सांगतो. आधी एक बाजू नागावानी फुसफुसत हुती अन् दुसरी म्हाताऱ्यावानी धापा टाकत हुती. तुमी स्क्रू फिरवत गेला, फुसफुस कमी झाली, धाप कमी झाली. मग एकदम दोन्ही आवाज एकमेकात मिसळलं. दोन बैलांनी एकदम जू उचलल्यावर गाड्याचं करकरणं थांबतं अन् नुसतं चाक चालल्यालं ऐकू येतं, तसं झालं. खालनं जाड, वरनं जरा गोड. मोठा न्हाई. त्यात एक घुमणं हाय, ते छातीत उतरतं. तळव्याला जे कळलं असंल त्यात एवढं मिळवा. पुरा आवाज हुईल.

नावावर करायच्या कागदावर सही करून दिलीया. तुमी पुरती किंमत देणार म्हणून हटून बसला, तर द्या. फुकट घेतली तर तुमाला ती कायम माझी वाटंल.

आता शेवटचं. ते ऐकून मला काय म्हणायचं ते म्हणा.

तुमी सुलाला हात केला, पयली चक्कर तुमी मारा म्हणून. ती म्हणली, "न्हाई, पयली संयोगी." संयोगिता आत जाऊन लाल रुमाल बांधून आली. दोघींनी शिवलेला टप तुमी चढवला न्हाई, उघडीच नेली. ती तुमच्या शेजारी बसली. तुमी गेला. नदीच्या कडंनं, हेळवाकच्या रस्त्याला.

मी रस्त्याच्या मधी उभा. पाव्हणं, खरं सांगतो. सगळं कबूल करून, सही करून, हाताला ग्रीस लागूनसुदीक, मला बघवत न्हवतं. तो रुमाल दिसंनासा हुईस्तवर मी बघत हुतो अन् आत लाल भडका. तुमी वळणाआड गेला. आवाज बारीक झाला, मग थांबला. तुमाला ठावं न्हाई, तो आवाज लांबनं लय चांगला येतो.

सुला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणली, "जळतंय व्हय अजून?"

म्हणलं, "जळतंय."

ती म्हणली, "जळू द्या. पिशवी उचला. बस चुकंल."

तुमचा
भाऊसो